डाव्या खुब्याचं हाड

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो तर तुझ्या राखेतून एक धातूचा दांडा निघाला. वीतभर लांब, टोकाला गोळा. शेजारीच एक वाटी. दोन्ही जाळानं काळं पडलेलं, पण वाकलं न्हाई की वितळलं न्हाई. राजूनं ते दुधापाण्यानं धुतलं आणि हातात धरून उभा राह्यला. तुला ठाऊक हाय आपला राजू, त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. त्या दिवशी त्याला कळंना.

तुझा भाऊ किसन म्हणला, "हे गाडग्यात घालू नको. हे काय तिचं हाड न्हाई."

"मंग काय करू, मामा?"

"ठेव तुझ्या खिशात." अन् मंग माझ्याकडं वळला. "दाजी, तिचं खरं हाड कुठंय? डाव्या खुब्याचं?"

सगळे माझ्याकडं पाहून राह्यले. जसं काही मी ते विकून खाल्लं. कुठंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. सहा वर्षांमागं शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तुझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं, खराब गोळा काढून त्या जागी हा धातूचा बसवला. आणि काढलेला गोळा तू डॉक्टरीणबाईला अभ्यासासाठी देऊन टाकला. कागदावर सही करून. मला न विचारता.

"दहाव्याच्या आत आणा," किसन म्हणला. "बाई अर्धी राह्यली ना, दाजी. अन् पायाळूचं हाड हाय. कोणी गुप्तधन काढायला नेलं म्हंजे?"

"कॉलेजात गुप्तधन कोण काढून राह्यलं रे, येड्या?"

असं म्हणलो खरं. पण बाई अर्धी राह्यली, हे माझ्या काळजात जाऊन बसलं. मी सुतार माणूस. सांध्यातलं एक कुसू कमी असलं तं मी दार घराबाहेर काढत न्हाई. तुला मी कमी कशी पाठवणार?

तू पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आले, मंग डोकं. अशा माणसाच्या पायाला गुण असतो म्हणतात, कंबरेत उसण भरली तर पायाळूनं पाय लावला की ती निघून जाते. तुझ्या बापानं लग्न जमवताना काहीच लपवलं न्हाई. "पोरगी डाव्या पायानं लंगडते, पण पायाळू हाय," असं बैठकीत सरळ सांगितलं. माझ्या बापाची कंबर दर महिन्याला धरायची. त्यानं तिथंच सुपारी फोडली. मी तुला नंतर चिडवायचो, की माझ्या बापानं सून न्हाई आणली, औषध आणलं. तू म्हणायची, "औषध तरी कोणी इतकं राबवत न्हाई."

लग्नाला चार दिवस झाले अन् माझ्या बापाची कंबर धरली. तो अंगणात पालथा पडला आणि तू दारात रडून राह्यली. "मामांजीला पाय कसा लावू?" माझी माय म्हणली, "मी सांगते, लाव." तू आधी त्याच्या पाया पडली, मंग कंबरेला पाय लावला, मंग परत पाया पडली. असं सात वेळा. म्हातारा खालून वरडला, "अगं, पाया एकदाच पड, संध्याकाळ करती का?" आख्खी गल्ली हसली. पहिल्यांदा हसताना तुला मी तेव्हा पाह्यलं, डोळ्यात पाणी तसंच होतं.

मंग लोकं यायला लागली. केदारखेड्याची, भोकरदनची, कुठकुठची. सकाळी, तोंड न धुता, निरशा पोटी. माझ्या दारात पाटील पालथा पडलेला असायचा, मास्तर पडलेला असायचा. कंबर धरली की सगळे सारखेच. मला त्याचा लई तोरा होता, आता कबूल करायला काय जातंय. सुताराच्या दारात येऊन माणसं नमस्कार घालायची. तू कोणाकडून कधी काही घेतलं न्हाई, चहा मात्र आपल्या घरचा जायचा.

पण पाय लावायचा तो उजवा, असा नेम. उजवा उचलला की सगळा भार डाव्यावर. लंगड्या पायावर. एकेका माणसामागं सात वेळा.

कधी कधी तू चुलीपासूनच म्हणायची, "आवं, आज नको म्हणा त्यायला. खुबा लई ठणकून राह्यला."

"पाच मिनटाचं काम हाय. नाटकं करू नको."

"नाटकं न्हाईत."

"अगं, ज्या पायानं दुनियेचं दुखणं जातं, तो दुखंल कसा?"

"दुनियेला लावते तो उजवा हाय. दुखतो तो डावा हाय. एवढं तं बघा."

मी तिकडं न बघता रंधा मारत बसायचो. तू पदर खोचून बाहेर जायची.

भोकरदनला शाळेत हाडांचं शिबिर लागलं तेव्हा मी तुला घेऊन गेल्तो ते माझ्या गुडघ्यासाठी. खरं ते खरं. डॉक्टरीणबाईनं माझ्या गुडघ्याकडं धड पाह्यलं बी न्हाई. ती तुझ्या चालीकडं पाहून राह्यली होती. तुला म्हणली, "मावशी, एका पायावर उभ्या राहा बघू. डाव्या."

तुला काय, रोजचीच सवय. तू उभी राह्यली. टेकायला काही नव्हतं, तुझी उजवी कंबर खाली गेली अन् तू झोकांडी खाल्ली. बाईनं धरलं.

"जन्माच्या वेळी काही त्रास झाला होता का?"

"न्हाई. पायाळू हाय मी."

बाईनं पेन खाली ठेवला. मंग आपल्याला समजंल असं समजावून सांगितलं. मांडीच्या हाडाला वर गोळा असतो, तो कंबरेच्या वाटीत फिरतो. बाळ पोटात उलटं असलं की काही जणांचा गोळा वाटीत नीट बसत न्हाई. पहिल्या महिन्यांतच कळलं तर पट्टे बांधून, पाय फाकवून ठेवले की बसतो. न्हाई कळलं तर वाटी उथळ राहते, गोळा वर सरकतो आणि भलत्याच जागी घासत बसतो.

मी म्हणलो, "म्हंजे चाकाच्या तुंब्यातून गाडीचा कणा सुटलेला, तरी गाडी हाकून राह्यले."

बाई म्हणली, "बरोबर तसंच, काका."

म्हंजे मला त्याच दिवशी समजलं होतं. जन्मभर मी बैलगाड्यांची चाकं केली. तुंबा अन् कणा काय असतो ते मला कोणी शिकवायला नको. समजलं, पण घरी येऊन मी काय म्हणलो? म्हणलो, डॉक्टर लोकांना पायाळू काय माहीत.

बाईला अभ्यास करायचा होता, की पायाळू माणसांपैकी किती जणांचे खुबे बिघडलेले असतात. म्हाताऱ्या माणसांचे जन्माचे कागद कुठं असतात? घरीच झालेली बाळंतपणं. पण पायाळू कोण, हे गावाला पक्कं ठाऊक असतं. तू बोटांवर मोजत नावं सांगत गेली, या गावची अमकी, त्या गावचा तमका, आणि बाई लिहून राह्यली. मंग तू तिच्या गाडीत बसून गावोगाव फिरली. काठी टेकत. सगळ्यांना घेऊन जाऊन फोटो काढून आणले खुब्यांचे. बहुतेकांचे चांगलेच निघाले, ते बी बाईनं लिहिलं. थोड्यांचे बिघडलेले निघाले. एका घरात नातू पायाळू जन्मला तर तू दारात हजर. "आधी खुबे दाखवा, मंग बारसं करा." त्याच्या आजीनं तुला हाकललं, "आमच्या गुणाच्या लेकराला रोगी म्हणती व्हय गं, लंगडे?" तू परत दुसऱ्या दिवशी गेली. त्या पोराला तीन महिने पट्टे होते. आता तो पळतो.

त्या काळात मी तुला काय काय बोललो. लंगडी बाई गावात मिरवून राह्यली म्हणलो. घरी भाकरीचा पत्ता न्हाई म्हणलो. भाकऱ्या तू पहाटे टाकून जायची.

ऑपरेशन मी दोन वर्ष होऊ दिलं न्हाई. पाय कापला की त्यातला गुण जाईल, असं मी म्हणायचो. तू एक दिवस ताट बाजूला सारून म्हणली, "गुण गेला तं गेला. मला बसता येत न्हाई, उठता येत न्हाई, परसाकडं जायचं म्हणलं तरी रडू येतं. तुम्ही तुमच्या गुणाला घेऊन बसा." राजू मधी पडला, म्हणून झालं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तू पलंगावर बसून चहा पीत होती आणि मला सांगितलं, की जुना गोळा देऊन टाकला.

"कोणाला इचारून?"

"कोणाला इचारायचं? माझं हाड हाय."

"नवरा हाय ना मी? बायकोच्या हाडावर माझा काही हक्क हाय का न्हाई?"

"बापाच्या घरून आणलेलं हाय. तुमच्या घरचं न्हाई."

शेजारच्या पलंगावरची बाई पदर तोंडात घालून हसली. मी उठून बाहेर गेलो. आठ दिवस बोललो न्हाई तुझ्याशी. घरी आल्यावर तुझ्यासाठी परसाकडंला बसायची भोकाची लाकडी खुर्ची केली, कारण डॉक्टरांनी उकिडवं बसू नका म्हणलं होतं. ती बी न बोलताच केली. तू त्यावर बसून म्हणली, "आमदारावानी वाटून राह्यलं." मला हसू आलं, पण मी हसलो न्हाई. हाडाचं भांडण तिथंच राह्यलं. सहा वर्ष तू नीट चालली, माझ्या पुढं चालली कधी कधी, पण त्या हाडाचं नाव आपण दोघांनी बी काढलं न्हाई.

सहाव्या दिवशी मी भोकरदनहून एसटीत बसलो. राजू येतो म्हणला, मी नको म्हणलो.

डॉक्टरीणबाईचे केस पांढरे झाले. "मावशी कशा आहेत?" तिनं आधी तेच विचारलं. मी सांगितलं. मंग म्हणलो, "तिचं हाड न्यायला आलो."

"न्या, काका. तुमचंच आहे. एक अर्ज लिहून द्या," असं म्हणून तिनं आतून एक डबा आणला. मला वाटलं होतं ती न्हाई म्हणंल, मी भांडीन. भांडण करायची सगळी तयारी करून गेल्तो.

डब्यात कापसावर गोळा. मधोमध कापलेला, दोन फोडी. वर नंबर लिहिलेला, नाव न्हाई. बाजूला माप घ्यायचा कॅलिपर, माझ्याकडं हाय तसलाच. मी विचारलं, हात लावू का? ती हाव म्हणली.

द्वारका, मी आयुष्यात लाकूड वाचलं. कुठलं चाक कोणत्या बाजूनं जास्त भार घेऊन चाललं, कोणत्या गाडीवानानं वंगण घातलं न्हाई, ते मी कण्याकडं बघून सांगतो. तुझा गोळा मी तसाच हातात घेतला. गोळा कशाचा, एका बाजूनं चपटा झालेला. आणि ती चपटी बाजू आरशासारखी चमकून राह्यलेली, हस्तिदंतावानी. त्यावर बारीक बारीक चरे, सगळे एकाच दिशेनं. सुक्या कण्याला पडतात तसे. आतली बाजू जाळीची, कडेला वाळवीनं खाल्लेल्या फळीसारखी पोकळ. बाई म्हणली, हाडं ठिसूळ व्हायचा रोग बी लागला होता.

मी विचारलं, "हे चमकतं कशानं?"

"दोन हाडांमधली कूर्चा, म्हणजे गादी, झिजून संपली होती, काका. हाडावर हाड घासलं की असं होतं."

"किती वर्ष घासलं आसंल?"

"वीस वर्षं तरी. जास्तच."

"मंग दुखत आसंल."

बाईनं माझ्याकडं पाह्यलं. "त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं नाही?"

"सांगितलं," मी म्हणलो.

तिनं तुझा कागद काढला. वय, बाजू, गोळ्याचं माप, झीज किती, सगळं लिहिलेलं. मला चौथीपुरतं वाचता येतं, एका रकान्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय? ती म्हणली, "दुखण्याचा रकाना. एक म्हणजे थोडं, दहा म्हणजे सहन न होणारं. रुग्ण सांगतो तोच आकडा आम्ही लिहितो."

तिथं चार लिहिलेलं होतं.

"मला तेव्हाही खरं वाटलं नव्हतं," बाई म्हणली. "हाड वेगळंच सांगतंय. पण मावशी चारच म्हणाल्या."

ऑपरेशनआधी कागद भरला तो दिवस मला आठवला. तू खुर्चीवर, मी शेजारी, मांडीवर टोपी. बाईनं विचारलं आणि तू आधी माझ्याकडं पाह्यलं. मंग चार म्हणली. मी आलो नसतो तर तू किती म्हणली असती?

मी बाईला म्हणलो, "हा आकडा खोटा हाय. बदला."

"सांगितलेला आकडा बदलता येत नाही, काका. खाली शेरा लिहू शकते. कोणी सांगितलं म्हणून लिहू?"

"नवऱ्यानं."

"आणि नवऱ्याला कसं ठाऊक, तेही लिहावं लागेल."

मी सांगितलं. तिनं लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, मी खाली सही केली. दुसरा अर्ज, हाड न्यायचा, तो केला न्हाई. दर वर्षी नव्या पोरापोरींना ती हा गोळा हातात देते म्हणली. त्यांना आता आकडा बी दिसंल आणि खालचा शेरा बी.

घरी आलो तर किसन ओट्यावरच बसलेला. "रिकाम्या हातानं आले, दाजी?"

"तिनं दिलेली चीज हाय. मी कोण परत मागणारा?"

"अन् अर्धी राह्यली त्याचं काय?"

"तिची ती पूर्ण होती. तू चहा पी."

तो माझ्यावर रुसलाय. दहाव्याला आला, पण शेजारी बसला न्हाई. बसंल हळूहळू.

आता बाईला काय लिहून दिलं ते तुला सांगतो. तुला ठाऊकच हाय, पण माझ्या तोंडून तू ऐकलं न्हाई. राजू दुसरीत आसंल तेव्हाची गोष्ट. एक दिवस तू पाय लावून राह्यली होती आणि मी आतून पाहून राह्यलो होतो. चौथ्या खेपेला आधाराला धरलेल्या चौकटीवरून तुझा हात सटकला, तू दात आवळले, पण आवाज केला न्हाई, पालथ्या पडलेल्या माणसाला कळू सुद्धा दिलं न्हाई. तू दुपारी विहिरीवर गेली तेव्हा मी बाभळीचा एक तुकडा घेतला, तासला, पॉलिशपेपर मारला, आणि चौकटीला तुझ्या हाताच्या उंचीवर मूठ बसवली. उंची मापली न्हाई. मला बराबर ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं आली. तू बाहेर गेली, मूठ पाह्यली, धरली. माझ्याकडं वळून बघितलं न्हाई. मी बी रंध्यावरून मान वर केली न्हाई. त्यानंतर बी कितीतरी वेळा मी तुला म्हणलो, नाटकं करू नको.

शेऱ्यात एवढंच हाय, की नवऱ्याला दिसत होतं, त्यानं दाराला मूठ बसवली होती.

मूठ बसवायला मला अर्धा दिवस लागला, द्वारका. आलेल्या माणसांना आज परत जा म्हणायला काहीच लागलं नसतं.